चालकाच्या बाजूचा खड्डा

गाडीत बसलं की अंग आपोआप दाराकडे झुकायचं. माझी पिकअप सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची. पुढे एकच सलग सीट, बाकासारखी, या दारापासून त्या दारापर्यंत. तिचा चालकाच्या बाजूचा भाग इतका बसला होता की तासभर गाडी चालवली की कमरेच्या एकाच बाजूला कळ यायची. वरचं रेक्झिन शिवणीशिवणीतून फाटलं होतं आणि आतला स्पंज पिवळा पडून त्याचा भुगा सांडत होता. उतरल्यावर कपडे झटकावे लागायचे.

कव्हर बदललं की झालं, असं मला वाटलं होतं. पण तो खड्डा कव्हरचा नव्हताच. माझ्याआधी कुणीतरी दोनदा तरी कव्हर उचकटून खड्ड्यात स्पंजचे तुकडे कोंबले होते, तरी सीट पुन्हा तिथेच बसली होती. का बसली, हे आतलं सगळं उघडं केल्यावर कळलं. दोन सुट्ट्यांत उरकेल असं वाटलेलं काम मग सहा आठवडे चाललं.

सीट बाहेर काढतानाच सावध राहावं लागलं. त्या काळातल्या बऱ्याच पिकअपमध्ये पेट्रोलची टाकी केबिनमध्येच, सीटच्या पाठीमागे उभी असते. शेवरोलेने १९७३ साली नवी मालिका आणली तेव्हा टाकी केबिनबाहेर, चॅसीच्या बाजूला नेली. माझी गाडी त्याआधीची. एरवी गंजून बसलेल्या बोल्टला आच देतात, ग्राइंडर लावतात. इथे टाकीला खेटून आग नको आणि ठिणगीही नको. चारही बोल्टांवर गंज सोडवणारं तेल मारलं, तीन दिवस सकाळ-संध्याकाळ तेच केलं, मधूनमधून हातोडीने हलके ठोके दिले. तीन सुटले. चौथ्याचा नट गाडीखाली आडवं पडून हाताने, करवतीच्या पात्याने कापला. पाऊण तास गेला, पण घाई करण्याची ती जागाच नव्हती. बॅटरीची वायर आधीच काढून ठेवली होती.

सीट उचलायला दोन माणसं लागतात. लोखंडी सांगाडा जड असतोच, शिवाय पाठ बिजागरीवर पुढे पडते आणि बोटं सापडतात. आम्ही आधी पाठ दोरीने बसकेला बांधून टाकली.

बाहेर काढून उलटी केली आणि आधी फोटो काढले. प्रत्येक कडेचे, प्रत्येक कोपऱ्याचे, तारा कुठून कुठे जातात त्याचे. हे फोटो पुढे रोज लागले. सीटचं कव्हर खिळ्यांनी किंवा डिंकाने धरलेलं नसतं. कडेच्या शिवणीतून एक तार ओवलेली असते आणि ती तार सांगाड्याला जाड तारेच्या कड्यांनी अडकवलेली असते. या कड्यांना हॉग रिंग म्हणतात. इंग्रजी सी अक्षरासारखी उघडी कडी असते, खास पक्कडीने दाबली की तिची टोकं एकमेकांवर जाऊन बसतात. जुन्या कड्या गंजलेल्या होत्या, त्या कटरने एकेक तोडल्या. बसकेतून आणि पाठीतून मिळून १३८ निघाल्या. नव्या किती लागतील याचा अंदाज यावा म्हणून मोजून डब्यात टाकत गेलो.

आतल्या तारा मात्र टाकायच्या नाहीत. बसकेच्या मधल्या भागाला आणि कडेच्या भागाला जोडणारी जी शिवण असते, तिच्या पोटाशी कापडाची नळी शिवलेली असते आणि त्या नळीत तार असते. हीच तार कव्हरला खाली ओढून धरते, म्हणून तिथे छान दरी पडते आणि रेक्झिन फुग्यासारखं वर येत नाही. मी सगळ्या तारा काढून, घासून, कुठली कुठे होती त्याची चिठ्ठी बांधून ठेवल्या.

कव्हर निघालं, स्पंजचे तीन थर निघाले, त्याखाली कापसाचा दाबून बसलेला थर आणि सगळ्यात खाली गोणपाट. कारण तिथेच होतं. गोणपाट चालकाच्या बाजूला पार कुजून फाटलं होतं आणि स्प्रिंगा स्पंजात शिरल्या होत्या. स्पंजात त्यांच्या आकाराचे खोल चर पडले होते, जणू साच्यात ओतून काढलेत. नवा स्पंज घातला की स्प्रिंगा तोही कुरतडणार, हे त्या चरांकडे पाहून लगेच समजलं. माझ्याआधीच्या माणसाने वरून भर घातली, पण खालचं गोणपाट बदललं नाही. कोंबलेले तुकडेही तसेच, त्याच चरांनी चिरलेले निघाले.

गोणपाट उचललं तर आणखी एक गोष्ट दिसली. या सीटमध्ये नागमोडी स्प्रिंगा आहेत: पुढून मागे जाणारी, सापासारखी वळणं घेतलेली जाड तार, दोन्ही टोकांना सांगाड्यावरच्या क्लिपमध्ये अडकवलेली. शेजारशेजारच्या स्प्रिंगा छोट्या आडव्या तारांनी एकमेकींना बांधलेल्या असतात, म्हणजे एकीवर वजन पडलं की बाकीच्या तिला हात देतात. चालकाच्या बाजूची एक क्लिप सांगाड्यापासून सुटली होती. ती स्प्रिंग नुसतीच लोंबत होती, आणि तिच्या वाट्याचं वजन शेजारच्या दोघींवर पडून त्यांचा बाक उतरला होता. पन्नास वर्षं माणूस त्याच बाजूने चढला, त्याच कडेवर टेकून आत सरकला. भार कुठे पडत आला ते लोखंडावर स्पष्ट दिसत होतं.

स्प्रिंग काढताना एक सांगतो. ती ताणून बसवलेली असते. क्लिपमधून टोक सुटलं की झटक्यात वळून वर येते, चेहऱ्यावर येऊ शकते. डोळ्यांवर चष्मा हवाच, आणि मोकळ्या टोकाला आधी दोरी बांधून ती पायाखाली दाबायची. मी दोन्ही उतरलेल्या स्प्रिंगा बदलल्या. तशाच जाडीची तार मिळाली, लांबी जुन्या चांगल्या स्प्रिंगवरून घेतली, लोंबणाऱ्या स्प्रिंगवरून नाही. सुटलेली क्लिप वेल्डिंग करून घेतली. सांगाडा तेव्हा गाडीपासून लांब, मोकळ्यावर होता. मग तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, रेड ऑक्साइड, काळा रंग. प्रत्येक क्लिपमध्ये प्लॅस्टिकची पातळ पट्टी घातली. लोखंडावर लोखंड घासलं की सीट कुरकुरते, आणि तो आवाज पुढे आयुष्यभर ऐकावा लागतो.

कव्हर उसवणं हा या कामाचा सगळ्यात मोलाचा भाग आहे, असं मी आता नक्की म्हणेन. जुनं कव्हर म्हणजे तयार बेत. पण उसवण्याआधी खुणा करायच्या. मी प्रत्येक शिवणीवर दर दहा सेंटीमीटरला आडवी रेघ मारली, अशी की रेघेचा अर्धा भाग एका तुकड्यावर आणि अर्धा दुसऱ्यावर येईल. नंतर नवे तुकडे जोडताना रेघेला रेघ भिडवली की झालं. प्रत्येक तुकड्यावर नंबर, ‘वर’ कुठे याचा बाण, आणि मधोमध एक ठळक खूण. मग टोच्याने एकेक टाका उचलून कापला. काही ठिकाणी कापावंही लागलं नाही, दोरा इतका जीर्ण होता की तुकडे नुसत्या हाताने वेगळे झाले.

इथे ताई मदतीला आली. ताई कपडे शिवते, तीस वर्षं शिवते आहे. तिने उसवलेले तुकडे जमिनीवर पसरले, गुडघ्यावर बसून हाताने सरळ केले आणि म्हणाली, “यावरून बेतू नकोस रे. ही बाजू बघ, किती ताणली गेलीये.” चालकाच्या बाजूचे तुकडे खरंच मोठे होते. दुसऱ्या बाजूचा तोच तुकडा त्यावर ठेवला तर दोन सेंटीमीटरहून जास्त फरक. मी जुन्यावरून जसंच्या तसं कापलं असतं तर तो खड्डा नव्या कव्हरात शिवून घेतला असता.

मग ताईने सांगितलं तसं केलं. जाड कागद मधोमध दुमडला, घडीची रेघ म्हणजे सीटचा मध्य. त्यावर फक्त शेजारच्या प्रवाशाच्या बाजूचे तुकडे ठेवून आखले. ती बाजू कमी वापरली गेली होती, तिचा आकार जवळजवळ मूळचाच होता. कागद उघडला की दोन्ही बाजू सारख्या. सगळीकडे शिवणीत जाण्यासाठी बारा मिलिमीटर माया सोडली. वळणांवर खाचा, कोपऱ्यांवर खाचा. कागदाचे तुकडे चिकटपट्टीने जोडून सांगाड्यावर ठेवून पाहिले तेव्हा पहिल्यांदा वाटलं की आता ही सीट होणार.

रेक्झिन आपण सगळ्यालाच म्हणतो. मुळात ते एका ब्रिटिश कृत्रिम चामड्याचं व्यापारी नाव, कापडावर सेल्युलोज नायट्रेटचा लेप दिलेलं. आता मिळतं ते विणीच्या कापडावर पीव्हीसीचा थर दिलेलं. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात जी रसायनं मिसळतात ती वर्षानुवर्षं हळूहळू बाहेर पडत जातात, मग ते कडक होतं आणि तडकतं. आधी तडकतं ते शिवणीवर, कारण तिथे सुईने आधीच भोकं पाडलेली असतात. १३७ सेंटीमीटर पन्ह्याचं साडेचार मीटर घेतलं. एका दिशेला ते जास्त ताणतं, दुसऱ्या दिशेला कमी. ती दिशा मागच्या बाजूवर खडूने लिहून ठेवली. बसकेचे सगळे तुकडे एकाच दिशेने कापायचे, नाहीतर एक भाग सैल पडतो आणि एक घट्ट राहतो. पायपिंगच्या, म्हणजे शिवणीत बसणाऱ्या गोल गोटाच्या पट्ट्या जास्त ताणणाऱ्या दिशेने कापल्या. साध्या कापडाला उरेब, म्हणजे तिरकी कापलेली पट्टी लागते, इथे तेवढं पुरलं.

ताईच्या घरच्या मशीनवर एक तुकडा शिवून पाहिला. दोन थर गेले, चार थर आणि मध्ये पायपिंग आल्यावर मशीन थांबलं. त्यापेक्षा वाईट म्हणजे वरचा थर मागे राहत होता. खालचे दात खालच्या थराला पुढे नेतात, वरचा दाबाच्या पायाखाली चिकटून बसतो. अर्ध्या मीटरवर बोटभर फरक पडला. या कामाला चालता पाय असलेलं मशीन लागतं, म्हणजे वरचा पायही उचलून पाऊल टाकतो आणि दोन्ही थर बरोबर सरकतात. तसं मशीन महिनाभरासाठी मिळवलं. दोरा पॉलिएस्टरचा, बाँडेड, म्हणजे पीळ सुटू नये म्हणून लेप दिलेला, जाडी टेक्स ७०. नायलॉनचा दोराही भक्कम असतो, पण उन्हात पॉलिएस्टर जास्त टिकतं, आणि गाडीची सीट काचेमागे ऊन खातच असते. सुई १८ नंबरची. टाका चार मिलिमीटरचा. टाके बारीक घातले की शिवण मजबूत होते हे कापडाच्या बाबतीत खरं. रेक्झिनला बारीक टाक्यांनी तिकिटांच्या कडेसारखी भोकं पडतात आणि ते ओळीने फाटतं.

टाचणीही चालत नाही. एकदा पडलेलं भोक बुजत नाही. ताईने कपड्यांच्या क्लिपा आणून कडा धरल्या.

बसकेच्या मधल्या भागावर उभे पट्टे होते, प्रत्येकी पाच सेंटीमीटरचे. ते तसेच ठेवायचे होते. पट्ट्यांसाठी रेक्झिनच्या मागे बारा मिलिमीटरचा, पाठीला जाळीचं कापड असलेला फोम लावतात आणि दोन्हींतून सरळ टीप मारतात. टीप फोम दाबते आणि मधला भाग उमलून वर येतो. मी आधी तुकडा नेमक्या मापाचा कापला, पट्टे आखले आणि शिवायला बसलो. तेवीस टिपा मारल्यावर मोजलं तर तुकडा सात सेंटीमीटर अरुंद. प्रत्येक टीप तीन मिलिमीटर आत ओढून घेते. एका टिपेत ते डोळ्याला दिसत नाही. तो सगळा तुकडा फुकट गेला आणि मला फार वाईट वाटलं, कारण दोन संध्याकाळी खपून टिपा अगदी सरळ आल्या होत्या.

दुसऱ्यांदा तुकडा चारही बाजूंनी भरपूर मोठा घेतला. मधली रेघ आधी शिवली, मग एक डावीकडे, एक उजवीकडे, असं बाहेरच्या दिशेने गेलो. एकाच कडेने सुरू केलं तर सगळा ताण शेवटच्या पट्ट्यात साचतो. सगळ्या टिपा झाल्यावर कागदाचा बेत वर ठेवला, मध्याला मध्य जुळवला आणि तेव्हा कापलं. कापलेल्या कडेने लगेच एक कच्ची टीप मारली, म्हणजे टिपांची टोकं उसवत नाहीत. पाठीच्या तुकड्याचंही तसंच. बसकेचे पट्टे आणि पाठीचे पट्टे एका रेषेत यायला हवेत, ते आले की सीट नजरेला शांत वाटते.

सांगाड्यावर नवं गोणपाट ताणून कड्यांनी बसवलं, दुहेरी, चालकाच्या बाजूला तिसरा थर. त्यावर दाबलेल्या तंतूंची जाड गादी. मग फोम. फोम घेताना घनता आणि कडकपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे लक्षात ठेवावं लागतं. कडकपणा म्हणजे दाबायला किती जोर लागतो. घनता म्हणजे एका घनमीटरचं वजन, आणि टिकणं तिच्यावर अवलंबून असतं. हाताला घट्ट लागणारा हलका फोम वर्षा-दोन वर्षांत बसतो. मी खाली साडेसात सेंटीमीटरचा कडक आणि वर अडीचचा मऊ थर घेतला, घनता ४० किलोच्या पुढची. कव्हरच्या मापापेक्षा सगळीकडून एक सेंटीमीटर मोठा कापला. कव्हर फोमला आवळतं तेव्हाच वरचा पृष्ठभाग ताठ दिसतो. चिकटवायचा स्प्रे उघड्यावर मारला, वाऱ्याकडे पाठ करून. त्याची वाफ पेट घेते आणि डोकंही धरतं. कव्हरमधल्या तारांसाठी फोममध्ये चर कापले आणि पुढची धार सुरीने गोल केली, कारण मांडी तिथेच टेकते.

कव्हर चढवायला ऊन पडलेला दिवस निवडला. शिवलेलं कव्हर उलटं करून दोन तास उन्हात ठेवलं. गार रेक्झिन कडक असतं, ओढून येत नाही, ऊन खाल्लेलं लोण्यासारखं वळतं. फोमवर पातळ प्लॅस्टिकचा कागद टाकला म्हणजे कव्हर घसरत पुढे जातं, नाहीतर रेक्झिनच्या मागचं कापड फोमला धरून बसतं. आधी मधल्या दरीची तार, मध्यापासून बाहेर. मग पुढची कड मध्यापासून, मग मागची, शेवटी कोपरे.

पुढच्या कडेच्या बावीस कड्या दाबून झाल्यावर ताई समोर उभी राहून म्हणाली, “मध्य सरकलाय.” मी मानायला तयार नव्हतो. फूटपट्टी लावली, दीड सेंटीमीटर. वरच्या पट्ट्याला जुळवायला गेलं की डोळा फसतो, खूण पाहायला हवी होती. बावीसच्या बावीस कड्या तोडल्या, कव्हर पुन्हा गरम केलं आणि आधी पुढे-मागे दोन-दोन कड्यांनी मध्य पक्का केला. कोपऱ्यांत हातात ताकद उरली नव्हती, तेव्हा मी कव्हर गुडघ्याने दाबून धरलं आणि पक्कड ताईने चालवली. तिची बोटं संध्याकाळपर्यंत लाल होती.

पुढच्या कोपऱ्यांशी बारीक सुरकुत्या राहिल्या. हीट गन दूर धरून, सतत हलवत, हाताने कडेकडे सारत त्यातल्या बहुतेक घालवल्या. एका जागी गन धरली तर रेक्झिनचा दाणा जाऊन तिथे चकचकीत डाग पडतो. उरलेल्या दोन सुरकुत्या गाडीत बसवल्यावर आठवडाभराच्या उन्हाने आपोआप गेल्या.

पाठ, बिजागऱ्या, चार नवे बोल्ट, आट्यांना ग्रीस. बसवण्याआधी पाठ पुढे-मागे करून टाकीच्या पट्ट्याला घासत नाही ना हे पाहिलं. खालच्या कोपऱ्यात घासत होती, तिथली कडी फिरवून टोक आतल्या बाजूला घेतलं.

मग मी चालकाच्या जागी बसलो. दोन्ही बाजूंनी सारखं. ताई पलीकडच्या दाराने चढली, तेव्हा तिच्या बसण्याने माझी बाजू हललीही नाही. किल्ली फिरवायच्या आधी सवयीने आरशात पाहिलं तर मागच्या काचेऐवजी पिकअपचा हौदा आणि जमीन दिसत होती. मी चार बोटं वर आलो होतो. आरसा सैल केला, वर वळवला आणि पुन्हा घट्ट केला.